तिसरी तार किती जाड असावी?



व्याख्यानमालेची पत्रिका छापून आली त्या दिवशी आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला रस्त्यात गाठले आणि विचारले, "अहो, संतवाङ्मय झाले, राज्यघटना झाली, शेतीचा प्रश्न झाला, त्यांत ही विजेची तार कोठून आली? या विषयाला श्रोते येतील का?" आम्ही म्हटले, "येतील की नाही ते सांगता येत नाही. परंतु जे येतील त्यांतला प्रत्येकजण घरी परतल्यावर पहिल्याप्रथम भिंतीवरचे बटण दाबील. एवढ्यावरून विषय त्यांचा आहे असे समजावयास हरकत नाही." आज आपण इतक्या संख्येने आलात, तेव्हा त्या स्नेह्यांची शंका फिटली असे आम्ही धरून चालतो.

आमचा व्यवसाय विजेचा. कारखान्यांत आणि घरांत तारा मोजण्यात आमची तीसएक वर्षे गेली. त्या सर्व तारांपैकी आज एकीविषयीच बोलावयाचे आहे. आपल्या घरातील इस्त्रीचा किंवा गीझरचा प्लग डोळ्यांसमोर आणा. त्याला तीन पिना असतात. खालच्या दोघींतून वीज येते आणि जाते. त्यांना आपण फेज आणि न्यूट्रल म्हणतो. वरची तिसरी पीन या दोघींहून लांब आणि जाड असते. लांब अशासाठी की, प्लग बसविताना ती सर्वांआधी लागावी आणि काढताना सर्वांच्या शेवटी सुटावी. जाड अशासाठी की, ती चुकूनही दुसऱ्या भोकात जाऊ नये. हिच्यामागून भिंतीत जी हिरवी तार जाते तिला आपले वायरमन 'अर्थ' म्हणतात. शब्द इंग्रजी आहे, त्याचा अर्थ पृथ्वी. मराठीत अर्थ म्हणजे आशय, आणि अर्थ म्हणजे पैसाही. आजच्या व्याख्यानात या तिन्ही अर्थांशी आपली गाठ पडणार आहे.

या तारेचे पहिले वैशिष्ट्य असे की, ती रोज काहीही काम करीत नाही. फेजची तार तुटली तर दिवा विझतो. न्यूट्रलची तुटली तरी विझतो. घरातले लहान मूलही ओरडून सांगते. अर्थची तार तुटली तर काय होते? काहीच होत नाही. पंखा फिरतो, पाणी तापते, कपडे धुतले जातात. दहा वर्षे ती तुटलेली राहिली तरी कोणाला पत्ता लागत नाही. मग घर बांधताना साहजिकच प्रश्न निघतो: जी काही करीत नाही तिच्यासाठी एवढे तांबे कशाला? दोन तारा चार चौरस मिलिमीटरच्या टाकतो, तिसरी एकाची चालेल. या 'चालेल' शब्दाचा हिशेब आज मांडून पाहावा, असा आमचा विचार आहे.

प्रथम ती तार कशासाठी असते ते पाहू. गीझरच्या पोटात तापणारी कांडी असते. तिच्यावर धातूचे आवरण असते. पाण्यातील क्षारांनी ते आवरण एखाद्या दिवशी फुटते, आणि फेजची वीज गीझरच्या पत्र्याच्या अंगावर येते. अर्थची तार नसेल तर त्या पत्र्यावर २३० व्होल्ट उभे राहतात आणि वाट पाहतात. वाट कोणाची? ओल्या फरशीवर उभे राहून नळाला हात लावणाऱ्याची. माणसाच्या शरीराचा विद्युत्‌रोध ढोबळ मानाने १००० ओहम धरतात; अंग ओले असेल तर त्याहून कमी. एका अँपिअरच्या हजाराव्या भागाला मिलीअँपिअर म्हणतात. साधारण अर्ध्या मिलीअँपिअरला बोटाला मुंग्या येतात. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या वर, आणि प्रवाह काही काळ टिकला तर, हृदयाची लय बिघडून प्राणावर बेतण्याची भीती असते. आता २३० भागिले १००० हा भागाकार आपणच करा. उत्तर २३० मिलीअँपिअर येते.

आता अर्थिंग आहे असे समजू. पुष्कळ सुशिक्षित मंडळींची समजूत अशी की, अर्थिंग म्हणजे वीज जमिनीत जिरविणे. अंगणात खड्डा करावा, त्यात तांब्याची पट्टी किंवा लोखंडी नळी पुरावी, मीठ आणि कोळसा घालावा, की वीज पावसाच्या पाण्यासारखी तेथे मुरून जाते. ही समजूत गोड आहे. परंतु वीज कोठेही मुरत नाही. ती जेथून निघाली तेथे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे, परत जाते. जमीन हा तिच्या परतीचा एक रस्ता आहे, आणि तो रस्ता फार खडबडीत आहे.

किती खडबडीत ते पाहा. समजा, आपला खड्डा उत्तम आहे आणि त्याचा रोध ५ ओहम आहे. ट्रान्सफॉर्मरपाशी जो खड्डा आहे त्याचाही ५ ओहम धरू. एकूण १० ओहम. २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर. गीझरला १६ अँपिअरची एमसीबी आहे, म्हणजे जुन्या फ्यूजच्या जागी आलेला आपोआप पडणारा खटका. २३ अँपिअर हे १६ च्या १.४४ पट झाले. या खटक्याच्या मानकाप्रमाणे १.४५ पट प्रवाहाला तो एका तासाच्या आत पडला पाहिजे. १.४४ पटीला तो तासभर पडला नाही तर कंपनीला दोष देता येणार नाही. आणि तो तासभर गीझरच्या अंगावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्ट, असतात. खड्डा आहे, मीठ आहे, कोळसा आहे, वायरमनचे बिल आहे; आणि तरीही गीझरला हात लावणाऱ्याची शाश्वती नाही.

म्हणून जाणत्यांनी परतीसाठी दुसरा रस्ता काढला: धातूचा. गीझरच्या पत्र्यापासून अर्थची तार निघते, घरच्या मुख्य पेटीशी येते, तेथून मीटरच्या खोलीत जाते, आणि भूमिगत केबलच्या धातूच्या वेष्टनातून किंवा वेगळ्या तारेने थेट ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत पोचते. या साऱ्या वळशाचा रोध एक ओहम असला तर २३० अँपिअर वाहतात. घरगुती खटक्यांच्या 'सी' जातीत सर्वांत आळशी खटकाही दहापट प्रवाहाला, म्हणजे १६० अँपिअरला, एका सेकंदाच्या दहाव्या भागात पडतो. येथे तर २३० आहेत. गीझर बंद पडतो, घरातले चिडतात, वायरमनला बोलावतात, आणि सर्वजण जिवंत असतात. मोठा प्रवाह वाहू देऊन खटका तात्काळ पाडणे, हे तिसऱ्या तारेचे खरे काम.

येथे जाडीचा प्रश्न उभा राहतो. रोज शून्य अँपिअर वाहणाऱ्या तारेची जाडी ठरवावयाची कशावरून? रोजच्या कामावरून ती ठरत नाही, हे उघड आहे. आयुष्यातून एखाद्या वेळी, सेकंदाच्या अर्ध्याहून कमी काळासाठी, जे ओझे तिच्यावर पडेल त्यावरून ती ठरते. आमच्या लहानपणी पंगतीला जास्तीचा वाढपी ठेवीत, तसा हा प्रकार नव्हे. हा आगीचा बंब आहे. तो वर्षभर उभा असतो. पण ज्या दिवशी निघेल त्या दिवशी त्याची नळी फाटून चालत नाही.

त्या क्षणी तारेत काय घडते? प्रवाहामुळे उष्णता निर्माण होते. ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते: प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. काळ इतका थोडा असतो की, ती उष्णता बाहेर पडावयास सवड मिळत नाही. सारी तांब्यातच कोंडते. तांबे जास्त असेल तर ते थोडे तापते. कमी असेल तर वेष्टनाचे प्लॅस्टिक वितळते, आणि त्याहून कमी असेल तर तारच वितळते. तार खटका पडण्यापूर्वी वितळली की परतीचा रस्ता तुटला आणि पत्र्यावर पुन्हा २३० व्होल्ट उभे! रखवालदाराने चोर आत आल्यावर दार लावून निघून जावे, तसे हे होते.

हा हिशेब करण्याचे सूत्र सोपे आहे. दोषाच्या वेळच्या प्रवाहाचा वर्ग करावा, त्याला खटका किंवा फ्यूज तुटावयास लागणाऱ्या सेकंदांनी गुणावे, वर्गमूळ काढावे, आणि धातूच्या अंकाने भागावे. येणारे उत्तर म्हणजे तारेचे क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. प्लॅस्टिक वेष्टनाच्या स्वतंत्र तांब्याच्या तारेला तो अंक १४३ धरतात, ॲल्युमिनियमला ९५, आणि पोलादाला ५२. हे अंक आकाशातून पडलेले नाहीत. तार ३० अंश सेल्सिअसपासून १६० अंशांपर्यंत तापू द्यावयाची, पुढे वेष्टन बिघडते, असे धरून त्या त्या धातूच्या गुणांवरून ते काढलेले आहेत.

आता सूत्राचा उपयोग आमच्याच बाबतीत कसा झाला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही जुन्या वाड्यातून एका सोसायटीच्या इमारतीत राहावयास आलो. इमारत पंधरा वर्षांची. एके दिवशी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे काम करणारा प्लंबर पंपाच्या नळीला धरून खाली बसला तो झटका बसून मागे फेकला गेला. डोक्याला खोक पडली. पण कठड्याच्या आतच पडला, म्हणून वाचला. आम्ही मीटरच्या खोलीत गेलो. मुख्य पेटीत तांब्याच्या ५० चौरस मिलिमीटरच्या अंगठ्याएवढ्या जाड तारा येत होत्या, आणि त्या पेटीच्या पत्र्यापासून अर्थच्या जोडपट्टीपर्यंत जस्ताचा मुलामा दिलेली, आठ गेजची एक लोखंडी तार गेलेली होती. पंपाची अर्थची तार तर मोटारीपाशी नुसती गुंडाळून ठेवलेली. तिचे दुसरे टोक गंजून तुटलेले.

सोसायटीच्या सभेत आम्ही ही गोष्ट मांडली. एक वडीलधारे सभासद म्हणाले, "अहो, ही तार चांगली चार मिलिमीटर जाड आहे. डोळ्यांना दिसते. पंधरा वर्षांत काही झाले नाही. आताच काय व्हायचे आहे?" आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. आठ गेजची तार व्यासाने चार मिलिमीटरांहून किंचित अधिक. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस मिलिमीटर. मुख्य पेटीत दोष झाला तर २००० अँपिअर वाहतील आणि फ्यूज तुटावयास ०.४ सेकंद लागतील, असे आम्ही धरले. सूत्राप्रमाणे वर्गमूळ १२६५ येते. त्याला तांब्याच्या १४३ ने भागले तर ८.८ येतात, म्हणजे बाजारात मिळणारी पुढची, दहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरेल. परंतु आमच्याकडे होते लोखंड. १२६५ भागिले ५२, म्हणजे २४ चौरस मिलिमीटरांच्या वर. आमच्याकडे होते १३, आणि तेही गंजलेले. त्या तारेने २००० अँपिअर ०.११ सेकंद सोसले असते. फ्यूजला हवे होते ०.४. डोळ्यांना जाड दिसणारी तार हिशेबात निम्मीच भरली. लोखंडाची तार तांब्याच्या तारेएवढे काम करावयास जवळजवळ पावणेतीन पट जाड असावी लागते, ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही.

प्रत्येक घरी फळा आणून वर्गमूळ काढावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. म्हणून मानकांनी एक सोपी सारणीही दिलेली आहे, आणि ती वायरमनला तोंडपाठ असावयास हवी. फेजची तार १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल तर अर्थची तार तेवढीच जाड. फेज १६ च्या पुढे ३५ पर्यंत असेल तर अर्थ १६. फेज ३५ च्या पुढे असेल तर अर्थ तिच्या निम्मी. दोन्ही तारा एकाच धातूच्या असतील तर हा नियम. आमच्या मुख्य तारा ५० च्या, म्हणून सारणीप्रमाणे अर्थ २५ ची हवी. हिशेबाने दहा पुरत होते, सारणी पंचवीस मागते. सारणी उदार आहे. ज्याला हिशेब करावयाचा नाही त्याने तांबे थोडे अधिक घालावे, एवढाच तिचा सौदा आहे. याशिवाय अर्थची तार फेजच्या सोबत एकाच नळीत किंवा केबलीत नसून वेगळी जात असेल, तर ती संरक्षक नळीत असल्यास निदान अडीच आणि उघडी असल्यास निदान चार चौरस मिलिमीटरची असावी. कारण तेथे विजेइतकीच खिळ्याची, उंदराची आणि झाडूची भीती असते. आणि जमिनीत पुरलेल्या भागाला गंजापासून संरक्षण नसेल तर तांबे निदान २५ आणि लोखंड निदान ५० चौरस मिलिमीटरचे असावे. माती कोणाचीही गय करीत नाही.

आपल्या घरांत फेज आणि न्यूट्रल चारचे आणि अर्थ दीडची, असे पुष्कळ ठिकाणी आढळते. तार वितळणार नाही इतपत हिशेब कदाचित जमेल. परंतु दुसरी एक गोष्ट त्यात बिघडते. दोषाच्या क्षणी २३० व्होल्ट फेजच्या तारेत आणि अर्थच्या तारेत वाटले जातात. जी बारीक, तिच्या वाट्याला जास्त. दोन्ही सारख्या जाड असतील तर गीझरच्या अंगावर त्या क्षणी सुमारे निम्मे, म्हणजे ११५ व्होल्ट येतात. फेज चारची आणि अर्थ दीडची असेल तर सुमारे १६७ येतात. बाकीच्या वळशाचा रोध येथे सोडून दिला आहे. पण कल यावरून कळतो. खटका पडेपर्यंतच्या त्या निमिषात हात लावलेल्या माणसाला हा फरक भोगावा लागतो.

तेवढे व्होल्टही माणसाला जाणवू नयेत यासाठी आणखी एक उपाय आहे, त्याला बाँडिंग म्हणतात. विजेच्या तारेवर कावळा बसलेला आपण रोज पाहतो. त्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, एकाच दाबावर असतात. झटका दाबाला बसत नाही, दोन ठिकाणच्या दाबांतल्या फरकाला बसतो. न्हाणीघरात एक हात गीझरला आणि दुसरा पितळी नळाला असेल, आणि गीझरवर ११५ व्होल्ट असून नळावर शून्य असेल, तर माणूस मधला पूल होतो. गीझरचा पत्रा, नळाची धातूची नळी आणि इमारतीचे लोखंड ही सारी एका तांब्याच्या तारेने एकत्र बांधली, तर सगळ्यांचा दाब एकदम चढतो आणि एकदम उतरतो. माणसाची अवस्था कावळ्यासारखी होते, आणि या बाबतीत ती अवस्था फार सुखाची आहे. इमारतीत पाण्याच्या, गॅसच्या धातूच्या नळ्या शिरतात तेथे ही मुख्य बाँडिंगची तार मुख्य अर्थ तारेच्या निम्मी असावी. पण सहा चौरस मिलिमीटरहून बारीक नसावी, आणि तांब्याची असेल तर पंचविसाहून जाड असण्याची गरज नाही.

नळाचा उल्लेख आला म्हणून एक जुनी खोड सांगतो. पूर्वी आपल्या वाड्यांतून अर्थची तार सरळ नळाच्या लोखंडी नळीला गुंडाळीत. नळी गावभर जमिनीखाली पसरलेली, तेव्हा तिच्यासारखा खड्डा कोठे मिळणार, असा विचार. पुढे नळ्या बदलल्या, प्लॅस्टिकच्या आल्या. मध्ये दोन हात प्लॅस्टिक बसले की त्या घरचे अर्थिंग नाहीसे झाले, आणि उलट घरातल्या उरलेल्या लोखंडी नळीवर वीज चढावयाची सोय झाली. प्लंबर आला आणि गेला. वायरमनला कोणी विचारले नाही. नळाची नळी बांधून घ्यावी. तिच्यावर विसंबून राहू नये.

दुसरी खोड याहून वाईट. ज्या घरांत अर्थची तारच नाही तेथे सॉकेटमध्ये अर्थची पीन न्यूट्रलला जोडून देतात. टेस्टरने पाहिले तर सारे ठीक दिसते. परंतु ज्या दिवशी न्यूट्रलची तार बाहेर खांबावर किंवा पेटीत सुटेल, त्या दिवशी चालू असलेल्या दिव्या-पंख्यांतून फेज फिरून न्यूट्रलवर येते आणि घरातील प्रत्येक धातूच्या यंत्राच्या अंगावर एकदम २३० व्होल्ट चढतात. त्याहून अर्थ नसलेला बरा, असे म्हणण्याची पाळी येते.

स्वतंत्र बंगल्यांत आणि खेड्यांत बहुधा खांबावरून फेज आणि न्यूट्रल अशा दोनच तारा येतात. परतीला धातूचा रस्ता नसतो, खड्डाच असतो. तेथे काय करावे? मघाचा २३ अँपिअरचा हिशेब आठवा. तेथे साधा खटका भरवशाचा नाही. तेथे आरसीसीबी हे यंत्र बसवावेच लागते. ते जाणाऱ्या आणि येणाऱ्या विजेची तुलना करते. ३० मिलीअँपिअरची तूट दिसली की क्षणात पुरवठा तोडते. त्याच्या साह्याला खड्डा १०० ओहमचा असला तरी ३० मिलीअँपिअरला पत्र्यावर तीन व्होल्टच चढतात. मग कोणी विचारील, हे यंत्र असताना तिसरी तार हवीच कशाला? तार असेल तर पत्र्यावर वीज येताक्षणी यंत्र पडते, कोणी हात लावण्यापूर्वी. तार नसेल तर तूट निर्माण होण्यासाठी कोणीतरी हात लावावा लागतो; म्हणजे परीक्षेला माणूस बसतो. यंत्रावर एक लहान बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

आणि खड्ड्याविषयी एक गोष्ट याच दिवसांत सांगावयाची. वैशाखात जमीन सुकते, आणि सुकल्या जमिनीचा रोध चढतो. जुलैत मोजलेला खड्डा कोणताही उत्तीर्ण होतो. मोजावयाचा तो आता, या महिन्यात.

आपल्या देशात याचे नियम नाहीत, असे कोणी समजू नये. १९१० चा विद्युत् अधिनियम होता, त्यावर १९५६ चे नियम झाले. त्यांची जागा २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली, आणि ते २०२३ साली नव्याने आले. अर्थिंगचे भारतीय मानक, क्रमांक ३०४३, प्रथम १९६६ साली निघाले आणि १९८७ व २०१८ साली सुधारले गेले. १९५६ च्या नियमांतही तीन फेजच्या मोटारीचे धातूचे अंग दोन निरनिराळ्या आणि स्वतंत्र तारांनी अर्थला जोडले पाहिजे, असे सांगितलेले होते. दोन का? नियम करणाऱ्यांना ठाऊक होते की, ही तार तुटली तर कोणाला कळत नाही. एक न कळता तुटेल, तेव्हा दुसरी असावी. आमच्या गच्चीवरच्या पंपाला दोन तारा हव्या होत्या. एक होती, ती तुटलेली होती, आणि तिचा शोध एका प्लंबरच्या डोक्याला खोक पडून लागला.

सोसायटीच्या त्या सभेचे पुढे काय झाले, ते सांगून संपवितो. हिशेब मांडल्यावरही दोन सभासदांचा आग्रह होता की, आधी इमारतीला रंग द्यावा. रंग दिसतो, तार दिसत नाही. तेव्हा ते वडीलधारे सभासद, ज्यांनी "पंधरा वर्षांत काही झाले नाही" म्हटले होते, तेच उठले आणि म्हणाले, "त्या दिवशी प्लंबरला मीच बोलावले होते. तो कठड्याबाहेर पडला असता तर त्याच्या घरी मी काय सांगितले असते?" सभेत पुढे कोणी बोलले नाही. रंग एक वर्ष लांबला. मुख्य अर्थ तांब्याची पंचवीसची झाली, पंपाला दोन तारा गेल्या, पाण्याच्या नळ्या बांधल्या गेल्या.

आम्हांला त्या सभेतून एक गोष्ट उमगली, ती आमच्या तीस वर्षांच्या मोजणीतही उमगली नव्हती. या तारेत जो काटकसर करतो, तो बहुधा तिची किंमत देत नाही. बांधणारा इमारत विकून मोकळा होतो, मालक घर भाड्याने देतो, सोसायटी पैसे रंगाकडे वळविते. हात लावणारा निराळाच असतो: भाडेकरू, कपडे धुणारी बाई, टाकी साफ करणारा पोरगा, उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेले भाचे मंडळ. २०२१ या एका वर्षात आपल्या देशात विजेच्या झटक्याने बारा हजारांहून अधिक माणसे गेली, असे सरकारी नोंद सांगते. ती सारी अर्थिंगच्या दोषाने गेली असे आम्ही म्हणणार नाही. तुटलेल्या तारा, शेतातील कुंपणे, अशी कारणे पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील काही नावे दोन-तीन मीटर हिरव्या तारेने वाचली असती, हे आम्ही या धंद्यातील अनुभवावरून निश्चित सांगू शकतो.

तेव्हा आज घरी गेल्यावर दिव्याचे बटण दाबाल, त्यानंतर एवढे करावे. घरातल्या पेटीत आरसीसीबी आहे का पाहावे, आणि असेल तर तिचे बटण दाबून पाहावे. पुढच्या वेळी परवानाधारक वायरमन आला की त्याला तीन प्रश्न विचारावेत: गीझरच्या सॉकेटपासून मुख्य पेटीपर्यंत हिरवी तार अखंड आहे का? ती फेजच्या तारेएवढी जाड आहे का? आणि दोषाच्या वळशाचा रोध यंत्राने मोजून किती येतो? पहिल्या दोन प्रश्नांना तो "हो" म्हणेल. तिसऱ्याला जर "चालेल" म्हणाला, तर त्याला चहा द्यावा आणि मोजमापाचे यंत्र घेऊन पुन्हा यावयास सांगावे.